आत्याचं विमान आणि आमचा बांध

आत्या एसटीत चढण्याआधी एसटीभोवती फेरी मारते. भोरच्या स्टँडवर चाकांना हात लावते, वाकून तेल गळतंय का बघते आणि मगच पायरीवर पाय ठेवते. कंडक्टर वैतागतो, मी लाजेनं अर्धी होते. "आत्या, तुला चालवायची नाहीये," मी म्हणते. "बसायचं तर आहे ना?" ती म्हणते. ऐंशी उलटली तरी खोड जात नाही.

ही खोड विमानाची, उडण्याआधी ते असंच फिरून तपासायचं असतं. बाई सायकलवर बसली तरी गाव वळून बघायचं, त्या काळात माझ्या वडिलांची ही धाकटी बहीण विमान चालवायला शिकली. पुढं कितीतरी पोरापोरींना तिनं शिकवलं. पण त्यासाठी ती आमच्या उत्रोलीतून निघाली तेव्हा आजीनं दारातच बजावलं होतं, "गेलीस तर माघारी येऊ नगंस." आत्या हट्टी, ती आली नाही. आजी हट्टी, तिनं बोलावलं नाही. खाण तशी माती. आजी गेल्यावरच आत्यानं हा उंबरा ओलांडला. आता म्हातारपणी ती आमच्याकडेच राहते. माझी आई आणि ती, भावजय-नणंद, चहातल्या साखरेवरून दिवसभर भांडतात आणि एकमेकींवाचून जेवत नाहीत.

एक गोष्ट मात्र आत्यानं फक्त मला सांगितली होती. एकटीनं विमान चालवू लागल्यावर ती एकदा वेल्ह्याचे डोंगर ओलांडून, भाटघरच्या पाण्यावरून वळून उत्रोलीवर आली. भात कापून झालं होतं. आमच्या खाचरात आजीचं हिरवं लुगडं तिनं ओळखलं. तिनं विमान खाली आणलं, घिरटी घातली, पुन्हा आली. आजीनं एकदा वर बघितलं. मग पाठ फिरवून बांधाकडे गेली आणि कुदळीनं खणायला लागली.

"पुन्हा मान वर केली नाही गं," आत्या सांगायची. "लेक डोक्यावर घिरट्या घालतेय, आणि हिला बांधाचं पडलंय." आईनं आपल्याला टाकलं, हे तिच्या मनात तेव्हापासून पक्कं बसलेलं. पुढच्याच वर्षी आजी गेली, त्यामुळे विचारायचीही सोय उरली नाही.

यंदा मी भातकापणीला मशीन आणलं. खाचरं लहान, मशीन वळेना, म्हणून मधला बांध फोडायला लावला. आम्ही तिघी आंब्याखाली चहा घेत होतो. आई एकदम हसायला लागली.

"ह्यो बांध याआधी येकदाच फुटलाय," ती म्हणाली. "सासूबाईंनी फोडला. वन्सं, तुमच्यापायी."

आत्यानं कप खाली ठेवला.

"तुमचं इमान आलं नव्हतं का, तवा. म्या नवी नवरी. सासूबाई म्हनल्या, लेक उतराया जागा बघतीया, बांध आडवा येतोय, घे फावडं. त्या कुदळ मारायच्या, म्या माती वडायची. लई घाई. वर बघाया सवड कुठली? जरा कुठं फुटला, आन् बघतोय तर तुमी गेल्या."

"वहिनी, मला कधी बोलली नाहीस."

"आन घातली व्हती त्यांनी. दिस मावळायच्या आत बांध पुन्यांदा घातला आमी. उतरली न्हाई ती न्हाई, वर लोक हसतील म्हनल्या. आता कुनाची आन पाळायची? सांगनारी म्या आन् ऐकनाऱ्या तुमी, एवढ्याच उरलोय. तुमीबी कदी इचारलं न्हाई."

खरंच, कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. मला त्या दोघी मायलेकींचा राग आला आणि डोळेही भरून आले. शेजाऱ्यानं वीतभर बांध कोरला तर नातवंडांपर्यंत कोर्टात भांडणारी माणसं आम्ही. आजीनं आपला बांध आपल्या हातानं फोडला होता.

आत्या काठी टेकत खाचरात गेली. आधी मशीनभोवती फेरी मारली. मग फुटलेल्या बांधापाशी उभी राहून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिली.

"जागा पुरली नसती," ती म्हणाली. "एक बांध फोडून विमान उतरत नाही."

"पुढचाबी सांगून ठिवला व्हता मला," आई म्हणाली. "म्हनल्या, ह्यो झाला की त्यो."

आत्या तिथंच ढेकळांत बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मशीनवाला खोळंबला होता. मी त्याला हातानंच थांब म्हटलं.