गवळ्याचे संवाद
म्हशी समोरच पिळून दूध पाजतात त्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा वास आला, की आमच्या विनोदी मालिकेतला गवळी आठवतो. मी त्याला एकाच भागापुरतं लिहिलं होतं, पण ते काम करणारा नट म्हशीशी आपल्या मनानंच असा भांडला, की गवळी नायकापेक्षा लाडका झाला. एका सकाळी याच कट्ट्यावर तो नट मला हळूच म्हणाला, "सर, संवादाला माझं बी नाव घाला की." तेवढ्यात फेसाळ पेले घेऊन लोक भोवती जमले. "पावणं, म्हशीला बोलताय ते लिवतंय कोण?" एकानं त्याला विचारलं. नटानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मीच." "व्हय, सरच," तो हसून म्हणाला आणि आपला पेला माझ्या हातात दिला. नावाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. आता तो हयात नाही. लोकांना आजही पाठ असलेलं गवळ्याचं एकही वाक्य माझं नव्हतं.