खचत्या भरावावरची खोली

प्लेग ओसरून दोन-तीन वर्षं झाली होती. माझे चुलते मुंबईत खाडी बुजवण्याच्या कामावर मुकादम होते. सुगी आटोपली की ते डिंगोऱ्याला यायचे, आसपासच्या गावांतली माणसं गोळा करायचे आणि माळशेजच्या घाटानं कल्याणपर्यंत चालवत न्यायचे. तिथून पुढं आगगाडी. त्या साली त्यांनी मलाही बरोबर घेतलं. मी मराठी सहावी झालो होतो आणि त्यांना लिहिणारा माणूस हवा होता.

समुद्रात दगडी बांध घालायचा आणि बांधाच्या आतल्या पाण्यात मुरूम, माती, शहराचा कचरा ओतत राहायचं, असं ते काम. सहा महिन्यांपूर्वी जिथं होड्या फिरत होत्या तिथं माणसं चालू लागायची.

माझ्याकडं दर सोमवारी एक माप लिहायचं काम होतं. भरावात जागोजागी खालच्या खडकापर्यंत लोखंडी गज ठोकले होते. गज हलत नसे. भराव खचला की गज आणखी थोडा उघडा पडे. तेवढं मोजून साहेबाच्या कचेरीत द्यायचं. जमीन खचायची थांबत नाही तोवर तिच्यावर कुणी राहायचं नाही, असा कचेरीचा नियम होता. चुलत्यांनी मात्र आपल्या माणसांसाठी भरावावरच खोल्यांची एक ओळ उठवली होती. भिंती विटांच्या, वर पत्रा. माणसं लांब राहायला गेली की दुसरा मुकादम त्यांना फोडतो, असं ते म्हणत. ते स्वतः रस्त्यापलीकडं, जुन्या पक्क्या जमिनीवर, माडीवर राहत. मीही तिथंच.

पहिल्याच महिन्यात खोल्यांजवळचा गज चार बोटं जास्त उघडा दिसला. चुलते जेवत होते तेव्हा त्यांना सांगितलं. मागच्या सोमवारचंच माप पुन्हा लिही, म्हणाले. मी लिहिलं. पुढच्या सोमवारीही लिहिलं. नंतर मी त्या गजाजवळ जाणंच सोडून दिलं.

ओळीतल्या शेवटच्या खोलीत पिंपरी पेंढारचं एक जोडपं राहत होतं. नवरा उंच, अबोल, दारूला न शिवणारा. उन्हाळ्यात माती वाहणाऱ्या रुळांवरच्या डब्याखाली सापडून त्याच्या मांडीचं हाड मोडलं. जून लागल्यावर निम्मी माणसं पेरणीला गावाकडं गेली, पण त्याला घाट चढणं शक्य नव्हतं. बायको बांधावर दोन गड्यांचं ओझं उचलायची, म्हणून चुलत्यांनीही त्यांना ठेवून घेतलं. ती मला भाऊ म्हणायची. भाकरी केली की कधी कधी अर्धी मला द्यायची, आणि मी ती खायचो.

तिनं मला दाराचं सांगितलं ते आषाढ लागल्यावर. दार चौकटीत अडकतंय, उघडायला दोघं लागतात, मुकादमांना सांगा, म्हणाली. मी जाऊन पाहिलं. चौकटीचा एक कोपरा तीन बोटं खाली गेला होता आणि वरची भिंत तिरपी चिरली होती. मला सगळं समजलं होतं.

"दार फुगलंय," मी म्हणालो. "पावसाळी हवा आहे. रंधा मारून घेऊ."

मी स्वतः रंधा आणून ते दार दोनदा तासून दिलं. तिनं माझे आभार मानले.

अमावास्येला दोन दिवसांपासून धार लागली होती. दुपारच्या भरतीला मोठं उधाण येणार म्हणून चुलत्यांनी झाडून सगळ्यांना बांधावर नेलं. एरवी ती दार थोडं उघडं ठेवून जायची. त्या दिवशी सपकारे आत येत होते, नवरा भिजेल म्हणून तिनं खांद्यानं रेटून दार घट्ट बसवलं.

पाणी बांधावरून आलंच नाही. आमच्या पाठीमागं, भरावातलं पाणी समुद्रात सोडणाऱ्या मोऱ्यांच्या तोंडांतून ते उलटं आत शिरलं. भराव एवढा खाली बसला होता की सगळं पाणी खोल्यांच्या ओळीकडं वाहत गेलं. आम्ही वळून पाहिलं तेव्हा पाणी कमरेएवढं होतं. ती डोक्यावरची पाटी टाकून धावली. मीही धावलो.

दार हलेना. आतून तो हाताच्या तळव्यानं दारावर मारत होता. त्याला उभं राहता येत नव्हतं. तिनं मला पहार आणायला सांगितलं. मी बांधावर परत गेलो. पहारी चुलत्यांपाशी होत्या, सगळ्या दगड सरकवण्यात गुंतलेल्या.

"आधी बांध," चुलते म्हणाले. "बांध गेला तर सगळंच गेलं."

मी तिथं उभा राहिलो. हिसकावून घेतली असती तर कुणी मला धरलं नसतं. पण मी परवानगीची वाट पाहत होतो. बऱ्याच वेळानं त्यांनी एक पहार माझ्या पायाशी टाकली. मी पोचलो तेव्हा ती दाराला गाल लावून उभी होती आणि आतून काही आवाज येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी कचेरीसाठी कागद करायचा होता. चुलत्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: मयत दारूच्या नशेत होता, आतून कडी लावून पडला होता. खाली बायकोचा अंगठा हवा होता. मी शाई घेऊन गेलो.

"काय लिवलंय?" तिनं विचारलं.

"झालं ते," मी म्हणालो.

तिनं अंगठा दिला.

पावसाळा सरल्यावर खोल्या पाडल्या आणि त्यावर आणखी भराव टाकला. पुढं तिथं वखारी उठल्या. अजूनही उधाणाला त्यांत पाणी शिरतं, असं तिकडून येणारे सांगतात. चुलते डिंगोऱ्यात म्हातारे होऊन अंथरुणात गेले. सगळा गाव त्यांच्या मयतीला होता, मीही खांदा दिला.

त्यानंतरच मी पिंपरी पेंढारला गेलो. तोवर मी जुन्नरच्या मामलेदार कचेरीत कारकून झालो होतो. तिचा सासरा ओट्यावर दोर वळत बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो वळत राहिला.

"दार अडकलं, दारू न्हवती, ती हेच सांगत व्हती," तो म्हणाला. "लई रडली. पर तुमच्या चुलत्यांनी कागुद वाचून दावला, खाली तिचाच अंगठा. आमी म्हनलं, ही खोटं बोलती. पोराला दारू लागली तरी हिनं कळवलं न्हाई. हाकलली."

ती कुठं आहे, विचारलं. कळंबला कुणाच्या मळ्यात राबते, एवढंच त्याला ऐकून माहीत होतं. परत आणणार का, विचारलं, तर तो म्हणाला, तिचा वाटा धाकट्या लेकाच्या पोरांना दिलाय, आता पाणी उलटं कोण फिरवणार?

पुढच्या आठवड्यात मी कळंबला गेलो. ती कांद्यात खुरपत होती. केस पांढरे झाले होते, पण तिनं मला लगेच ओळखलं. मी पुन्हा सगळं सांगितलं: गज, मापं, दार, पहार, कागद. ती खुरपत खुरपत पुढं सरकत होती आणि मी बोलत बोलत तिच्या मागं.

"सासऱ्याला सांगून आलाव?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो.

"काय म्हनला?"

मी तेही सांगितलं. तिनं खुरप्याची माती झटकली.

"तवा बोलला असता तर मला घर ऱ्हायलं असतं," ती म्हणाली. "आता तुमाला हलकं वाटावं म्हनून आलाव. वाटलं असंल तर जा."

मी काही मदत करू का, असं विचारलं. तिनं मान वर केली नाही.

"वाफ्यातनं बाजूला व्हा," ती म्हणाली. "कांदं तुडवताय."