बाजामावशींचं चर्च

बाजामावशींचं खरं नाव विचाराल तर अख्ख्या गल्लीत चार माणसंही सांगू शकणार नाहीत. चर्चमधला तो भिंतीएवढा ऑर्गन त्या वाजवायच्या, म्हणून त्या बाजामावशी. पोरवयात शिकायला बसल्या आणि केस पांढरे होईतो तिथून उठल्या नाहीत.

लग्नही त्याच ऑर्गनने जमवलं. जुन्या काळी त्याच्या नळ्यांत वारा भरायला मागच्या बाजूला मोठा भाता होता आणि तो हलवायला माणूस लागायचा. ते काम एका नळदुरुस्तीवाल्याने धरलं. देवाधर्माशी गड्याला काही देणंघेणं नव्हतं. प्रवचन सुरू झालं की तो मागे खुशाल घोरायचा. एकदा तर गीत सुरू झालं तरी उठला नाही आणि पहिल्याच ओळीला ऑर्गनने बोकडासारखा आवाज काढून मान टाकली. मावशींनी उपासना संपल्यावर त्याला फैलावर घेतलं. त्याने मुकाट ऐकून घेतलं आणि वर विचारलं, "रोज असंच रागवाल का?" वर्षाच्या आत लग्न झालं.

पुढे भात्याला मोटर बसली, नवरा गेला, मूलबाळ झालं नव्हतं. मावशींना उरलं ते चर्च आणि धाकटा भाऊ. भाऊ चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी. त्यानेच एका संध्याकाळी येऊन, चहा निवत ठेवून, विषय काढला.

"ताई, चर्च पाडायचं ठरतंय. बिल्डर टॉवर बांधणार. आपल्याला दुसऱ्या मजल्यावर प्रार्थनेचा हॉल देणार."

"आणि ऑर्गन?"

"संग्रहालयाशी बोलतोय मी. ताई, छत गळतंय. मागच्या भिंतीत हात जाईल एवढी भेग आहे. रविवारी येतात किती, मूठभर माणसं. देव काय चार भिंतींत राहतो?"

"देव नसेल राहत," मावशी म्हणाल्या. "मी राहते."

दुसऱ्या दिवसापासून त्या घरोघर फिरल्या. कमिटी एकटी ठरवू शकत नव्हती, सभासदांची सभा व्हायची होती. बेकरीवाला गहिवरला, "मावशी, माझं लग्न तिथंच लागलं हो!" निवृत्त शिक्षिकेने त्यांचा हात हातात घेतला. सगळ्यांनी यायचं कबूल केलं. सभेला ती दोघंही फिरकली नाहीत.

आलेल्यांत मावशींची शाळेपासूनची मैत्रीण होती. दोघी एकाच बाकावर बसल्या. "पाडायच्या बाजूने कोण?" असं विचारल्यावर शेजारचा हात वर गेलेला मावशींना दिसला.

"तू पण?"

मैत्रिणीने मान खाली घातली. "माझे गुडघे गेलेत गं. त्या पायऱ्या मला चढवत नाहीत. नव्या इमारतीत लिफ्ट आहे."

विरोधात हात वर झाला तो मावशींचा एकटीचा.

शेवटच्या रविवारी मात्र चर्चला पाय ठेवायला जागा नव्हती. वर्षानुवर्षं न दिसलेली तोंडं नटूनथटून आली होती. जो तो मोबाईल वर धरून खिडक्यांचे, छताचे फोटो काढत होता. बेकरीवाला बायकोला घेऊन वेदीपुढे उभा होता. कोणीतरी मावशींच्या मागे येऊन म्हणालं, "जरा इकडे बघा ना." मावशींनी बघितलं नाही.

शेवटचं गीत सुरू झालं. गर्दी एवढी, पण शब्द कोणालाच येत नव्हते. ऑर्गनच्या आवाजाखाली सगळे नुसते ओठ हलवत होते. तिसऱ्या कडव्याला मावशींनी हात उचलले. त्याबरोबर चर्चमध्ये सन्नाटा झाला. सुरांचा आधार गेल्यावर पुढची ओळ धरायला एकही गळा निघाला नाही. मग कोणाला वाटलं, कार्यक्रम संपला. टाळ्या पडल्या. मावशींनी झाकण लावलं आणि बाजूच्या दाराने घरी गेल्या.

संग्रहालयाने जागा नाही म्हणून कळवलं. ऑर्गन चर्चच्या आतच जोडून बांधलेला, अख्खा दाराबाहेर निघणारच नव्हता. नळ्या भंगारात काढल्या. मावशी समोरच्या फुटपाथवरून बघत होत्या. टेम्पोत नळ्या रचता रचता एका कामगाराला लहर आली, त्याने एक लांब नळी तोंडाला लावून फुंकली. जाडाभरडा, घोगरा सूर निघाला. बाकीचे खो खो हसले. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तो सूर कोणत्या पट्टीचा हे मावशींना कळलं. त्या तिथेच फुटपाथवर बसल्या. चपलांच्या दुकानदाराने पाणी आणून दिलं, ते हातातच राहिलं.

टॉवर झाला नाही. पाया खणला आणि बिल्डर कोर्टकचेऱ्यांत अडकला. पत्र्यांच्या कुंपणामागे खड्डा, खड्ड्यात हिरवं पाणी. मंडळी काही दिवस शाळेच्या हॉलमध्ये जमली, मग जो तो आपापल्या सोयीच्या चर्चला जाऊ लागला. मैत्रीण कुठेच जात नाही, तिच्या घरालाही पायऱ्याच आहेत. मावशी घरी मुलांना वाजवायला शिकवायच्या, त्या शिकवण्याही त्यांनी बंद केल्या. कोणाची आई मुलीला घेऊन आली तर त्या दारातूनच म्हणतात, "नाही हो, आता नाही."

परवा भाऊ आला. वाळला होता.

"मला वाटलं होतं, ताई..."

"काय वाटलं होतं?"

ते अर्धवटच सोडून त्याने विचारलं, "माझ्यावर राग आहे का गं?"

मावशींनी खरोखर मनात शोधून पाहिलं.

"नाही रे. तेवढंही उरलं नाही आता."

भावाने बूट घातले, नाडी बांधायला खूप वेळ लावला. मग दार ओढून घेऊन गेला.