टेबलावरची लघवी

लघवी तुंबली तेव्हा चंद्रपूरच्या दवाखान्यात बेंबीखाली भोक पाडून नळी बसवली अन् मांडीला पिशवी बांधली. आमचं पोट गावतलावाच्या मासोळीवर. पोटातून नळी लोंबत असताना छातीभर पाण्यात जाळं घेऊन कसा उतरू? काठावर बसून दुसऱ्यांना नावं ठेवायची, एवढाच धंदा उरला. बायको वारल्यापासून घरात तर मला नावं ठेवायलाही कोणी नव्हतं.

डॉक्टर म्हणाला, लघवीची वाट आत आवळली आहे. कुठं अन् किती, ते एक्सरेच्या फोटोत दिसल्याशिवाय ऑपरेशन नाही, अन् ऑपरेशनशिवाय नळी निघत नाही. म्हणून फोटो काढायला गेलो.

फोटो काढणारा राजुऱ्याचा, पन्नाशीतला, गोड बोलणारा. अंगात शिशाचा जड कोट. त्यानं मला कुशीवर वळवलं, एक पाय दुमडायला लावला अन् लघवीच्या भोकात बारीक नळी घालून पिचकारीनं औषध सोडलं. ते फोटोत पांढरं दिसतं म्हणे. मला तर मिरची लागल्यासारखं झालं. जी वस्तू बायकोनंही कधी उजेडात धड पाहिली नसेल, तिच्याकडे हा बुवा घड्याळ दुरुस्त करणाऱ्यासारखा डोळे बारीक करून पाहत होता.

मग तेच औषध पोटाच्या नळीतून भरलं. मी बेडकासारखा टम्म. आता म्हणे इथंच टेबलावर लघवी करा, होता होता फोटो काढतो.

काही उतरेना. त्यानं नळ सोडला. बादली भरून वाहिली, मी कोरडाच. मग तान्ह्या पोराला करतात तसं तोंडानं शूऽऽ केलं. मला हसू आलं अन् जे येत होतं तेही आत पळालं. बाहेर रांगेतली माणसं दार वाजवत होती. तो म्हणाला, आज नाही झाली तर फोटो राहिला, पुढचा नंबर लांबचा आहे.

तेव्हा मी त्याला खरं काय ते सांगितलं. आम्ही पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात जातो. तिथं एकट्यानं लघवीला बसत नाहीत. खाली बसलेला माणूस वाघाला जनावरच वाटतो. एकानं बसायचं, दुसऱ्यानं पाठ करून उभं राहायचं अन् मोठ्यानं बोलत राहायचं. माझ्यामागं बायको उभी राहायची. बोलायची म्हणजे माझी सगळी लायकी काढायची. 'झालं का नाई अजून? वाघ कंटाळून घरी गेला असन.' हे ऐकलं की मला सुटायची. ती गेल्यावरच धार बारीक झाली, हे मी डॉक्टरलाही सांगितलं होतं. त्यानं लिहून घेतलं नाही.

"भाऊ," मी म्हटलं, "पाठ कर अन् मले शिव्या दे."

"तुमच्या उमरीच्या माणसाले शिव्या कशा देऊ, बाबा?"

"मंग तुह्या बायकोचं गाऱ्हाणं सांग."

हे त्याला जमलं. काचेमागं गेला, बोट बटनावर ठेवलं, तोंड भिंतीकडे केलं अन् सुरू झाला. डब्यात रोज दोडके देते. गाडीवर मागं बसून रस्ता शिकवते. सासरच्या लग्नात याला कोपऱ्यात बसवते अन् घरी आल्यावर विचारते, कोपऱ्यात काऊन बसले होते. तिथं माझी सुटली. मी ओरडलो, चालू. मशीन खटखट वाजली.

फोटो एक नंबर आला, असं त्यानं भिंतीवरच्या पडद्यात पाहून, तोंड न वळवताच सांगितलं. आता नळी निघणार, पाण्यात उतरता येणार. मी तसाच ओल्या टेबलावर पडून राहिलो. त्यानं विचारलं, वळू का.

"थोडी बाकी हाय," मी म्हटलं. "तू बोल."