वैनीचं मोबाइलमधलं शेत

कुठलाही व्हिडिओ गेम माझ्या हातात द्या, मी त्याची भुताची गोष्ट करून देते. पन्नाशीला टेकलेल्या शिक्षिकेला हे शोभत नाही, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. पण पाहुणे आले की तोच हळूच म्हणतो, "तिला विटांची सांगायला लावा."

विटांची म्हणजे वरून विटा पडतात आणि आपण त्यांचे थर लावायचे, तो खेळ. मी कॉलेजात असताना दादानं परभणीच्या बाजारातून हातात मावणारा एक आणला होता. मी त्यात एक गवंडी घातला. त्यानं एक थर पुरा भरला की तो थर नाहीसा होतो आणि त्याबरोबर गावातलं एक घर माणसांसकट जातं. तिथं कोण राहत होतं ते कुणालाच आठवत नाही. म्हणून गवंडी प्रत्येक थरात मुद्दाम एक फट सोडतो, पण वरून विटा पडायच्या थांबत नाहीत. सापाच्या खेळाचं मी वऱ्हाड केलं. गावोगाव जेवत ते लांबत जातं आणि एका वळणावर स्वतःच्याच शेपटाला गाठतं. तिथं मागून चालणाऱ्यांचे चेहरे बघून पुढचे थिजतात, कारण ते चेहरे त्यांचेच असतात.

यात माझी युक्ती एवढीच की खेळणाऱ्याला सोडून द्यायचं आणि आत जो अडकलाय त्याला विचारायचं, बाबा रे, तुला हे कसं वाटतंय? मग तो बोलायला लागतो. कधीकधी मलाच त्याला गप्प करता येत नाही.

गेल्या माघात आम्ही दादाच्या शेतात हुरड्याला जमलो होतो. बोरी गावाच्या शिवारात त्याचं रान आहे. वैनी आषाढात गेली, त्यानंतरचा हा पहिलाच हुरडा. आगटीभोवती सुना, भाचे, जावई सगळे बसलेले, पण सगळ्यांचं लक्ष चटणीत. तिचं नाव निघेल म्हणून कुणी तोंडच उघडत नव्हतं. दादा गरम कणसं चोळून एकेकाच्या पुढ्यात दाणे टाकत होता. शेवटी तोच मला म्हणाला, "बाये, तुझी भुतं तरी काढ. सुतकी तोंडानं हुरडा गोड लागत न्हाई."

मला तेवढंच पाहिजे होतं. भर दुपारी, उन्हात भूत उठवायचं म्हणजे खरी कसोटी. मी नवी गोष्ट काढली, मोबाइलवरच्या शेताच्या खेळाची. हा खेळ वैनीचा जीव की प्राण. मीच तिला तो शिकवला होता. हिरव्या साडीतली एक बाहुली असते, आपण काचेवर बोट ठेवू तिथं ती नांगरते, पेरते, काढते. दोन दिवस बघितलं नाही तर पीक वाळतं. वैनी म्हणायची, ह्या रानात डुकरं येत न्हाईत, चिखल लागत न्हाई, आणि मुख्य म्हणजे तुझा भाऊ न्हाई. तिला माझी भुतं फार आवडायची. ही तिलाही आवडली असती, असंच मला वाटलं.

मी उभी राहिले, पदर खोचला आणि सुरू केलं. त्या शेतातली बाई मरून कधीची गेलीय. पण आभाळातून एक बोट येतं, तिला टोचतं आणि ती उठते. कापणी करते, पुन्हा पेरते. संध्याकाळी तिला जायचं असतं, ज्या वाटेनं सगळे जातात त्या वाटेनं. ती बांधापर्यंत पोचते आणि बोट पुन्हा येतं. ती वर बघून हात जोडते, पण बोटाला डोळे कुठं असतात? बोटाला वाटतं, आपण शेत राखायलोय.

हे सांगताना मी माझं बोट एकेकाच्या डोक्यावर आणलं. पोरी किंचाळल्या, जावयाच्या हातातले दाणे सांडले. माझी कळी खुलली. मग दादाच्या डोक्यावर बोट न्यायला वळले, तर त्याची जागा रिकामी होती.

तो विहिरीकडं गेला होता. मी पाण्याचा तांब्या घेण्याच्या निमित्तानं मागं गेले. तो मोटारीच्या खोलीच्या पायरीवर बसला होता आणि त्याच्या हातात वैनीचा मोबाइल होता. काच तडकलेली, पण आत शेत हिरवंगार. मका टरारून वर आलेला.

मी काही विचारायच्या आत त्यानंच सांगितलं. दहाव्याला नदीवर कावळा शिवत नव्हता, ते मलाही आठवत होतं. धाकट्या लेकाचं लग्न करू म्हणून झालं, म्हैस विकणार नाही म्हणून झालं, तिच्या माहेरी येणंजाणं ठेवू म्हणून झालं. कावळा झाडावरून हलेना. ऊन चढायला लागलं. मग दादा एकटाच पिंडाजवळ वाकून ओठातल्या ओठात काही बोलला आणि कावळा आला. काय बोललास म्हणून त्याला कुणी विचारलं नाही. नवराबायकोतलं असेल, असं आम्ही समजलो. तो बोलला होता, तुझं मोबाइलमधलं शेत वाळू देणार नाही.

तेव्हापासून ज्यानं आयुष्यात मोबाइलवर बोलण्यापलीकडं काही केलं नाही, तो माणूस रोज पहाटे धार काढून झाली की हे शेत बघत होता.

दिवाळीनंतर तो डोळ्याच्या ऑपरेशनला परभणीला आला होता, आमच्याकडंच राहिला होता. मोबाइल गावाकडं कपाटात, बंद करून, कुलपात. किल्ली त्याच्या कडदोऱ्याला. परत गेला तेव्हा पीक वाळलेलं असणार म्हणून भीतभीत उघडलं, तर सगळं काढून कोठारात भरलेलं होतं आणि रानात नवी पेरणी.

मी लगेच शहाणपणा केला. म्हटलं, खेळच तसं करत असेल, बरेच दिवस कुणी फिरकलं नाही तर. मी स्वतः तो खेळ खेळलेय आणि माझं पीक दरवेळी वाळलंय, हे मात्र मी बोलले नाही.

तो म्हणाला, "खेळ हाय ते मला बी कळतंय. तू फक्त खरं सांग. मी हिला राबवायलोय का?"

खेळ सोडावा तर तिला दिलेला शब्द मोडतो. शब्द पाळावा तर ती बांधावरून परत फिरते. आणि ती बांधावरून फिरते हे आताच, टाळ्या घेत, मी सांगितलं होतं. मी म्हटलं, दादा, ती गोष्ट मी रचलीय रे.

"मग दुसरी रच. हिला बसता येईल अशी."

पायरीवर त्याच्या शेजारी बसून मी रचायला घेतली. आधी विनोदी करून बघितली, बाहुली बोटालाच कामाला लावते अशी. तो हसला नाही. मग प्रेमाची केली. ती मलाच खोटी वाटली आणि मध्येच सोडली. आगटीकडून हसण्याचे आवाज येत होते. तिसऱ्यांदा मी नुसतंच सुरू केलं. सगळं पीक निघालं होतं, कोठार भरलं होतं. ती बाई रानाच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं वर बघितलं. बोट आलं. आणि बोट म्हणालं... पुढं मला सुचेना. भुताच्या गोष्टीत बोट कधी बोलत नाही.

दादा काचेकडं बघत होता. म्हणाला, "बोट म्हनलं, औंदा रान पड ठेवायचं. पेरायचंच न्हाई. पेरलंच न्हाई तर वाळंल काय?"

आम्ही दोघांनी मिळून मका काढला. त्याचं राठ बोट काचेला नीट कळत नव्हतं, म्हणून तो धोतराला पुसून पुन्हा टेकवत होता. शेवटचा चौकोन त्यानंच काढला. बियाणं विचारणारी चौकट वर आली, ती मी मिटवली. सगळं रान काळं, मोकळं झालं. मधोमध हिरव्या साडीतली बाहुली उभी राहिली, हातात विळा घेऊन.

आम्ही बघत बसलो. बराच वेळ काही झालं नाही. मग तिनं विळा खाली ठेवला आणि ढेकळांवर बसली, एक पाय पसरून, गुडघ्यावर हात ठेवून.

हा खेळ मी दोन वर्षं खेळलेय. त्या बाहुलीला बसताना मी कधीच बघितलं नव्हतं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला आणि मी दादाकडं बघितलं नाही. त्यानं खांद्यावरचा पंचा काढला आणि काचेवर येणारं ऊन अडेल असा धरून बसला.