अर्धा कप आणि वर ‘झालं’

तुळशीरामभाऊ गेले, हे त्यांच्या बायकोनं, पार्वताबाईनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी चहाच गाळत होते. खोटं कशाला लिहू... आधी रडू आलं नाही, राग आला. मला देणं लागत असलेला एक शब्द न बोलताच निसटले की.

गोंदियातल्या आमच्या कॉलेजात ते नेटवर्क सांभाळायचे, मी कम्प्युटर लॅब. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डात येणारी माहिती क्षणभर साठते, धानाच्या कोठीसारखी. ती कोठी किती मोठी ठेवायची, तो आकडा भरायला भाऊंनी स्वतः एक छोटं टूल लिहिलं होतं. ऑनलाइन परीक्षेच्या आदल्या दिवशी मी त्यात ८१९२ भरले. सत्तेचाळीस वर्षांची घोडी, पण मोठा आकडा म्हणजे मोठी अक्कल असा माझा समज. कार्डाला किती झेपतं, हे विचारायची कमांड मला येत होती. पण विचारेन ती मी कसली? टूलनं लिहिलं, ‘झालं’. मी पदर खोचून प्राचार्यांना सांगून आले, दोन्ही लॅबच्या मुली एकदमच बसवा.

कार्डाची मर्यादा होती ४०९६. टूलनं माझा आकडा गुपचूप अर्धा कापला होता. दुसऱ्या दिवशी पेपर सुरू झाला, कोठी भरून सांडली, उत्तरं वाटेतच हरवली आणि परीक्षा रद्द झाली. प्राचार्यांसमोर भाऊ एवढंच म्हणाले, “बाईनं आकडा चुकवला.” सोमवारपासून मी ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारत होते.

भांडायला फुलचूरला त्यांच्या घरी गेले. “तुमच्या टूलले ‘नाही’ म्हणता येत नाई का जी?”

“माणसाले कायले घाबरवाचं? जेवढं बसते तेवढं बसवून देते.”

“मंग ‘झालं’ काऊन म्हणते?”

ते सुपारी कातरत राहिले.

पण माझ्या नवऱ्याबरोबर बुद्धिबळ खेळायला भाऊ दर रविवारी आमच्याच घरी येत. मी अर्धा कप चहा पुढे ठेवायची. “झालं.”

“बाई, कप अर्धाच आहे.”

“जेवढं बसते तेवढं बसवलं.”

पंधरा वर्षं हे चाललं. नवरा शरमेनं पटात मान घालायचा. ना भाऊ यायचे थांबले, ना मी कप भरला.

शेवटचे आले ते लॅपटॉप घेऊन. टूल नव्यानं लिहिलं होतं. ८१९२ भरून त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला: ‘तुम्ही ८१९२ मागितले. हे कार्ड ४०९६ पर्यंतच घेते. काहीही बदललेले नाही.’

“असं पाह्यजे होतं ना?”

“असंच. आता हेच प्राचार्याईले जाऊन सांगा.”

“जाईन ना एखाद्या दिवशी...”

गेले भलतीकडेच. म्हणून चारचौघांत मीच सांगते. मी मर्यादा विचारली नाही, त्यांच्या टूलनं ती सांगितली नाही. चूक दोघांची होती, शिक्के मात्र मी एकटीनं मारले.

तेरवीला पार्वताबाईनं त्यांच्या फोटोपुढे चहाचा कप काठोकाठ भरून ठेवला होता. मी बशी घेतली आणि त्यातला अर्धा ओतून घेतला.

“हे काऊन वो?” ती म्हणाली.

“त्याईले मालूम आहे,” मी म्हटलं, आणि बशीतला चहा पिऊन टाकला.