आरव्हीच्या पोटातलं गुलाबी पाणी

आमच्या अमेरिकेतल्या घरापुढच्या ड्राइव्हवेत एक आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, उभी असते. असते म्हणजे असतेच, जाते क्वचित. लांबून ती दुधाच्या टँकरसारखी दिसते आणि आत शिरलं की शाळेच्या सहलीहून परतलेल्या बससारखा वास येतो. नवऱ्याने घेतली ती निसर्गात राहायचं म्हणून. निसर्गात पोचल्यावर आम्ही करतो काय, तर डास येतात म्हणून खिडक्या लावून घेतो आणि कुकर चढवतो. मग वरणभात खाऊन दोघं फोन उंच धरून रेंज शोधतो. एवढं सगळं श्रूजबरीतल्या घरी सोफ्यावर बसून होतं, हे मी पहिल्याच ट्रिपला सांगून पाहिलं होतं.

लोक मात्र तिच्या दर्शनाला येतात. इथल्या मराठी मंडळातल्या एक काकू आतला ओटा बघून हरखल्या. ओटा म्हणजे काय, पोळपाट ठेवला की परात मांडीवर घ्यायची. तरी मी त्यांना मोठ्या तोऱ्यात तिथेच चहा करून पाजला. माझं हे असंच आहे. पाठीमागे नावं ठेवायची आणि पाहुणे आले की मिरवायचं.

तर या निसर्गप्रेमी वस्तूला थंडी सोसत नाही. हिवाळ्याआधी तिच्या नळ्यांतलं पाणी काढून त्यांत न गोठणारं गुलाबी पाणी भरावं लागतं. राहिलं कुठे साधं पाणी, तर ते गोठतं आणि नळी फोडतं. गेल्या वर्षी हे काम नवऱ्याने केलं, तीन व्हिडिओ बघून. एप्रिलमध्ये पाणी सुरू केलं तर सिंकखालची नळी फुटलेली, खालची जमीन टम्म फुगलेली. फडक्याने पाणी टिपता टिपता तो म्हणाला, "परत एक जरी नळी फुटली ना, तर विकून टाकू." एवढ्या वर्षांच्या संसारात त्याचं इतकं आवडलेलं वाक्य मला दुसरं आठवत नाही.

या नोव्हेंबरात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि तो नागपूरला गेला. जाताना फ्रिजवर एक यादी लावून गेला. एक्सेलमधली, रंग भरलेली, प्रत्येक ओळीपुढे टिक करायला चौकोन. शनिवारी रात्री पारा चांगलाच घसरणार होता, म्हणून सकाळीच मी हातमोजे घालून बाहेर पडले. तिकडे त्याची रात्रीची जेवणं उरकली होती. व्हिडिओ कॉलवर तो मला कुठला नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते सांगत होता. मागे पलंगावरून सासूबाई म्हणत होत्या की तिला कशाला राबवतोस, एखादा माणूस बोलाव. त्यावर हा म्हणाला की बाहेरची माणसं काम नीट करत नाहीत. जमीन फुगवून ठेवलेला माणूस हे बोलत होता. माझ्या तोंडात टॉर्च होता, म्हणून वाचला.

मग तो झोपायला गेला आणि मी, यादी आणि आरव्ही एवढेच उरलो. गरम पाण्याच्या टाकीचं बूच काढलं, ते पाणी थेट माझ्या बुटात. शेजारचे निवृत्त आजोबा त्यांच्या अशाच चाकांवरच्या ट्रेलरचं हेच काम शीळ घालत उरकून मोकळे झाले होते. मदत हवी का, असं त्यांनी विचारलं. मी हसून नको म्हटलं आणि पुढच्याच मिनिटाला डोकं दारावर आपटून घेतलं. अखेर पंप सुरू केला. सिंक, बेसिन, शॉवर, कमोड, सगळीकडे गुलाबी धार लागेपर्यंत नळ उघडे ठेवले. लग्नाच्या हॉलच्या दारात पाहुण्यांना देतात त्या सरबताचा रंग अगदी. सगळे चौकोन भरले. यादीचा फोटो नवऱ्याला पाठवला, घरात आले, आलं घालून चहा केला, दोन कप प्यायले.

दोन कप चहानंतर जिथे जावं लागतं तिथे गेले. हात सवयीने उजवीकडे, धुवायच्या फवाऱ्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

आरव्हीतही फवारा होता. माझ्याच हट्टापायी बसवलेला. निसर्ग कितीही रम्य असो, कागदावर माझा विश्वास नाही, असं मी ठणकावून सांगितलं होतं. बिचाऱ्याने एक अख्खा रविवार कमोडमागे आडवं पडून तो जोडला होता. यादीत तो नव्हता. यादी अमेरिकन व्हिडिओंवरून केलेली. त्या लोकांकडे फवारा असतोच कुठे? आणि त्याच्या नळीत साधं पाणी तसंच होतं.

मी तिथेच बसून विचार केला. उठायचं नाही. रात्री पाणी गोठेल, नळी फुटेल, एप्रिलमध्ये आरव्ही विकली जाईल. दोष कोणाचाच नाही. मी तर यादी पुरी केली, फोटोसुद्धा आहे. इतक्या सोप्या सुटकेची संधी पुन्हा कुठली यायला.

पण फुटणार होता माझा फवारा. मग मंडळाच्या प्रत्येक जेवणात, श्रीखंड वाढता वाढता, नवरा सांगणार की आरव्ही तशी छान होती हो, हिच्या फवाऱ्यापायी गेली. सासूबाई नवा गुडघा चोळत मान डोलावणार. जन्मभर. ती आरव्ही परवडली.

ओले बूट परत चढवले. उजेड कमी होत आला होता. पंप लावला, कमोडमध्ये फवारा धरून दाबला. आधी साधं पाणी, मग फुर्र करून हवा, आणि मग एकदम गुलाबी, निम्मं कमोडमध्ये आणि निम्मं माझ्या स्वेटरच्या बाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. फोटो मिळाला म्हणाला, आईचं बरं आहे म्हणाला. मग मोठ्या आशेने, "तो फवारा राहिला असेल ना? यादीत नव्हता."

"नाही राहिला. केला."

"हो का," तो म्हणाला. कारल्याची भाजी दुसऱ्यांदा वाढल्यावर त्याचा जसा आवाज होतो, तसा. मग म्हणाला, "बरं."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. पोटभर सरबत प्यायलेली ती ड्राइव्हवेत उभी होती.